टकली सवत

सवत म्हटली की डोळ्यांपुढे काय येतं? नाकीडोळी नीटस, चालताना मुरडणारी, बोलताना जिभेवर मध घोळवणारी अशी कुणीतरी. तोफेच्या नशिबी आलेली सवत मात्र जगावेगळी. साठीला टेकलेली, डोक्यावर केस औषधालासुद्धा नाही, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, बारा महिने तेरा काळ सर्दी, आणि वर पुरुषजातीची.

व्यसन सोडवणारे डॉक्टर होते ते. मोठ्या मनोरुग्णालयाच्या मागच्या अंगाला पिवळ्या भिंतींची बैठी इमारत होती, तिथल्या शेवटच्या खोलीत बसायचे.

तोफ हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिची लाँड्री होती, आणि लाँड्रीच्या मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून गळा असा तयार झाला होता की काय सांगावं. एकदा नवऱ्यावर ओरडली, तर तीन गल्ल्या पलीकडच्या घड्याळजीच्या दुकानातली बंद पडलेली घड्याळं एकदम चालू झाली. घड्याळजी आजही शपथेवर सांगतो. तेव्हापासून नवरा तिला तोफ म्हणायला लागला, आणि मग सगळी गल्लीच.

नवरा लाँड्रीला लागूनच कुलपं दुरुस्त करायचा. हात सोन्याचा, पण घसा वाळवंटाचा. त्याच्या पिण्याच्या गोष्टी ऐकाल तर खोट्या वाटतील. एकदा म्हणे बँकेची तिजोरी अडकली म्हणून त्याला बोलावलं. गडी इतका तर्र, की तिजोरी उघडली, आत गार वाटलं म्हणून शिरला, दार ओढून घेतलं आणि झोपला. आता त्याला बाहेर काढायला दुसरा कुलूपवाला आणायचा कुठून? गावात तोच एक. शेवटी मॅनेजर दाराच्या फटीला तोंड लावून विचारतोय, "आता डावीकडे फिरवू का?" आणि आतून हा झोपेत सांगतोय, "हळू फिरव रे, ढकलू नको."

तोफेनं बाटल्या कुलपात ठेवूनही पाहिल्या होत्या, पण चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! हा पठ्ठ्या कुलूप उघडून प्यायचा, आणि उपकार केल्यासारखं कुलपाला तेलही घालून ठेवायचा.

तिनं काय नाही केलं? रडली, भांडली, माहेरी गेली, परत आली, शपथा घातल्या. प्रत्येक शपथ त्यानं मनापासून घेतली आणि मनापासून मोडली. शेवटी एक दिवस चावी कापताना हात इतके थरथरले की स्वतःचंच बोट कापून घेतलं त्यानं, तेव्हा स्वतः होऊन म्हणाला, "चल, दाखव कुणाला तरी."

तो काही आठवडे पिवळ्या इमारतीत राहिला आणि माणूस होऊन परत आला. डोळे स्वच्छ, हात स्थिर, अंगाला साबणाचा वास. तोफेनं आनंदानं नाचायला पाहिजे होतं, आणि पहिले दोन दिवस नाचलीही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, पोट रिकामं असलं की तल्लफ वाढते. वेळेवर जेवावं."

तोफेच्या हातातला डाव तिथंच थांबला. "डॉक्टर म्हणतात?"

"हो ना. केवढी साधी गोष्ट! कुणी सांगितलीच नव्हती."

इतकी वर्षं वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन, दाराकडे डोळे लावून बसणारी बाई म्हणजे कुणीच नाही का? पण तिनं डाव पुन्हा भातात घातला.

मग काय, ऊठसूट डॉक्टर म्हणतात. डॉक्टर म्हणतात चालायला जावं, पाणी प्यावं, मनातलं मनात ठेवू नये. एक दिवस तर कहर झाला. चहा पिता पिता म्हणाला, "अगं, पहिल्याच दिवशी त्यांनी मला काय विचारलं माहितेय? प्यावंसं वाटतं तेव्हा ते नेमकं कुठे वाटतं? छातीत, घशात, की हातात? आजपर्यंत मला असं कुणी विचारलं नव्हतं गं."

"मी विचारलं नाही?" तोफ कडाडली. "रोज विचारत होते! कुठे मेला होतात म्हणून!"

तो हसला. आधी हसायचा तसा ओशाळून नव्हे, मोकळा हसला. ते हसूसुद्धा त्या टकल्यानंच दुरुस्त करून दिलेलं, असं तिच्या मनात आलं आणि चहा कडू लागला.

सगळ्यांत खोल काटा रुतला होता तो घरी सोडायच्या दिवशीच. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून एक गोळी दाखवली होती. म्हणाले, "ही पोटात असताना दारू गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. आणि एक लक्षात ठेवा, गोळी बंद केली तरी तिचा अंमल दोन आठवडे अंगात राहतो. म्हणून रोज सकाळी ही कुणाच्या तरी समोर गिळायची. त्या माणसाला आम्ही साक्षीदार म्हणतो. साक्षीदार कोण, ते पेशंटनं स्वतः ठरवायचं."

तोफेनं पदर सावरून, पाठ ताठ करून, मान थोडी लववून ठेवली होती. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर बोलावणार असल्यासारखी.

"समोरचा न्हावी," नवरा म्हणाला.

डॉक्टर शिंकले. "नक्की?"

"नक्की. माझं दुकान, त्याचं दुकान, समोरासमोर. सोयीचं पडेल."

सोयीचं! तोफेचे कान तापले. ज्या बाईनं त्याला गटारातून उचलला, बुटांसकट अंथरुणात घातला, त्याच्या उलट्या काढल्या, ती गैरसोयीची, आणि तो वाचाळ न्हावी सोयीचा! पण न्हाव्याचा राग तिला आला नाही. न्हावी म्हणजे आरसा, समोर येईल त्याचा. राग आला टकल्याचा. हे सगळं त्यानंच डोक्यात भरवलेलं, नाहीतर इतक्या वर्षांचा आपला माणूस असा परक्यासारखा वागेल का? तिनं नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करणं चालू ठेवलं, पण घडी मुद्दाम वाकडी घालायला लागली. त्याला कळलंसुद्धा नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

शेवटी तिनं ठरवलं, की आता सवतीला समोरासमोर गाठायची. त्याच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?

एका सकाळी लाँड्रीला टाळं लावून ती निघाली. अंगात, टकल्यानं ओळखू नये म्हणून, धुवायला आलेला गिऱ्हाइकाचा लोकरी कोट. धुतला होता, इस्त्रीही केली होती, म्हणजे अर्धा आपलाच झाला की. पिवळ्या इमारतीत रांगेत बसली आणि नंबर आला तशी आत जाऊन खुर्चीत धप्पकन बसली.

"डॉक्टरसाहेब, मला खोकल्याच्या औषधाचं व्यसन लागलंय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "बरं. दिवसाला किती होतं?"

तोफेनं याचा विचारच केला नव्हता. "बादली."

"बादली?"

"छोटी."

"कुठलं औषध?"

"लाल."

डॉक्टर हसले नाहीत. त्या माणसाचं हेच वाईट. एखादा हसला असता, रागावला असता, तर तिला धरायला काहीतरी सापडलं असतं. त्यांनी रुमालात नाक शिंकरलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "झोप कशी आहे, ताई?"

औषधाच्या बादल्या, बाटल्या, दुकानं, सगळी थापांची तयारी करून आली होती ती, पण झोपेसाठी एकही थाप आणली नव्हती. "झोप?" ती म्हणाली. "झोप लागते, पण कान झोपत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दाराकडे असतो. पाऊल कसं पडतंय, सरळ की तिरकं. चावी एका दमात भोकात जाते की आजूबाजूला खरवडते. आता तो शेजारीच झोपलेला असतो हो, घोरत असतो, तरी माझा कान आपला दाराशी. त्या कानाला कसं सांगू, की अरे मेल्या, तो आत आलाय?"

आणि मग धरण फुटलं. ती काय काय बोलली तिचं तिला आठवत नव्हतं. कुणीतरी पुढ्यात आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. बोलताना तिच्या लक्षात आलं, की आपला आवाज चढलेला नाही. ज्या आवाजानं घड्याळं चालू होतात तो आवाज तिथं कुणी मागतच नव्हतं.

भानावर आली तशी तिनं डोळे पुसले आणि मुद्द्यावर आली. "तो माझ्याबद्दल काय बोलतो इथे?"

"ते त्याचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आज तुम्ही बोललात ते तुमचं. त्यानं विचारलं तरी मी सांगणार नाही. आणि ताई, पुन्हा यायचं असेल तर औषध प्यायची गरज नाही. घरच्या माणसांसाठीही आम्ही बसतो."

बाहेर पडताना तिच्या अंगाची लाही लाही होत होती. चांगला निघाला मेला! वाईट असता तर किती सोपं गेलं असतं.

दुकानाच्या दारात नवरा उभाच होता. न्हाव्यानं बातमी आधीच पोहोचवली होती. त्याचं कुणी गिऱ्हाईक तिला रांगेत बघून आलं होतं.

"कुठे गेली होतीस?"

"तुमच्या डॉक्टरकडे."

"माझ्या चहाड्या करायला?"

"तुमचं नावसुद्धा निघालं नाही," ती म्हणाली. नाव खरोखरच निघालं नव्हतं, सगळा वेळ 'तो' म्हणत होती. "मी माझं बोलत होते."

"किती वेळ?"

"चहा गार होईपर्यंत."

त्याचा चेहरा पडला. "मला तर चहा देतच नाहीत," तो म्हणाला. "काय बोललीस?"

"ते आमच्यातलं आहे."

अहाहा! शब्द तोंडातून निघाले आणि तोफेच्या जिभेला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गोडी लागली. संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती गुणगुणत इस्त्री करायची आणि म्हणायची, "डॉक्टर म्हणतात, ज्याचं त्याच्यापाशी." तो धुसफुसायला लागला. एका बाईची गोदामाची चावी त्यानं उलटी कापून दिली. न्हाव्यानं लाँड्रीत डोकावून विचारलं, "वहिनी, याला झालंय काय? माझ्याशी धड बोलत नाही."

"मत्सर झालाय," तोफ म्हणाली. "त्यावर गोळी नाही."

भर दुपारी, गल्ली पेंगत होती तेव्हा, तो लाँड्रीच्या दारात आला. "जरा इकडे ये."

ती त्याच्या दुकानात गेली. त्यानं दार लोटलं. हातातली कानस खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"इतक्या वर्षांत मला नाही ते त्याला सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानं कानस टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुला एक गोष्ट सांगू? त्या डॉक्टरलाही माहीत नाही अशी."

तोफेच्या छातीत नगारा वाजायला लागला. आज वाजला तर वाजू दे, म्हणाली मनाशी. "सांगा."

त्यानं फळीवरचं एक गंजकं कुलूप काढलं, ढापण उघडलं आणि टेबलावर उपडं केलं. आतून गोळ्या पडल्या. कडा विरघळलेल्या, चुरा झालेल्या, पांढऱ्या. मग टेबलाखालून एक बाटली काढून शेजारी ठेवली. सील तसंच होतं.

"गालात धरायचो," तो म्हणाला. "न्हाव्याचं लक्ष आरशात. पाणी पितो, आ करतो, तो म्हणतो शाब्बास, आणि मी इकडे येऊन थुंकतो. डॉक्टरनं विचारलं, मी म्हटलं रोज घेतो. त्यानं पाठ थोपटली माझी."

तोफेनं एक गोळी उचलून उजेडात धरली.

"तुला साक्षीदार का केलं नाही, म्हणून रुसली होतीस ना? वाकड्या घड्या घालत होतीस."

"कळल्या होत्या तुम्हाला?"

"कळणार नाहीत? अगं, तू नुसतं माझ्या गालाकडे बघितलं असतंस तरी ओळखलं असतंस. तुझ्यासमोर मला गोळी गिळावीच लागली असती."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"नाही. पहिल्यांदा खरंच गिळत होतो. पण मागचं दार उघडं ठेवलं होतं. गेल्या शनिवारपासून त्यातून बाहेर पडलो. आता अंमल उतरला असेल. आज संध्याकाळी थोडी घेणार होतो, थोडीच. मग मनात आलं, तू त्या माणसाला सगळं सांगत सुटली आहेस, आणि मी तुला काहीच सांगितलेलं नाही." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "कुणाला सांगू नकोस. आपल्या दोघांतच राहू दे."

आता तोफेची अवस्था काय झाली म्हणता! पहिल्यांदा राग आला, असा की गावातली घड्याळंच काय, मनोऱ्यावरचं घड्याळसुद्धा पळत सुटलं असतं. पण रागाच्या पोटातून हळूच दुसरंच काहीतरी वर आलं, आणि त्याची तिला लाज वाटली, तरी ते आलंच. फसला! तो टकल्या, सर्वज्ञ, चष्मेवाला, पाठ थोपटत बसला आणि फसला! आणि हे सगळ्या जगात फक्त तिला माहीत होतं. आपल्या दोघांतच, म्हणाला तो. लग्न झाल्यापासून ती याच शब्दांची वाट बघत होती. आता ही गोष्ट गाठीला बांधून ठेवायची, बाटली आपणच गटारात ओतायची, उद्यापासून गोळी आपल्यासमोर. टकल्याला कानोकान खबर नाही. काय हरकत होती?

हरकत होती ती टेबलावर उभी होती. दोन आठवडे, म्हणाले होते डॉक्टर. तिला ते पाठ होतं, कारण रागानं ऐकलेलं माणूस विसरत नाही. शनिवारला तर अजून आठवडासुद्धा झाला नव्हता! हा आज संध्याकाळी एकटा दुकानात बसून प्याला असता, आणि लाँड्रीच्या घरघरीत तिला पत्तासुद्धा लागला नसता. आणि आज नाही तर पुढच्या महिन्यात. गालातली गोळी ओळखता येते तिला. डोक्यातली तल्लफ कशी ओळखणार? ते काम तिला कधीच जमलं नव्हतं.

तोफ उडाली नाही. नवरा डोळे मिटून, खांदे आवळून बसला होता, तरी उडाली नाही.

"उठा," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्याच्याकडे."

"अगं, आत्ताच म्हटलं ना मी, दोघांतच राहू दे..."

"ऐकलं. आयुष्यात एकदा कानावर पडलं, आणि आता ते मी वाया घालवणार आहे. उठा लवकर, माझा विचार बदलायच्या आत!"

तिनं बाटली आपल्या पिशवीत टाकली.

"ती कशाला घेतेस? राहू दे दुकानात."

"आणि कुलूप कोण लावणार? तुम्ही?"

पिवळ्या इमारतीत दुपारची गर्दी होती. नवरा आत गेला. दारात एकदा वळून त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की दाताच्या डॉक्टरकडे पोहोचवलेलं पोर बरं. दार लागलं. तोफ बाकावर बसली आणि पिशवी शेजारी ठेवली. बाटली बाकाच्या लोखंडी हाताला लागली.

टण्!

बस्स. हॉलमध्ये बसलेल्या झाडून सगळ्या माणसांच्या माना एकदम वळल्या. डुलक्या घेणारे जागे झाले. कोपऱ्यातला एक म्हातारा, ज्याला म्हणे तोफा डागल्या तरी ऐकू येत नसे, तोसुद्धा वळला. क्षणभर कुणी श्वास घेईना. मग शेजारचा दाढीवाला अगदी हळवा होऊन म्हणाला, "बाई, काच आहे. सांभाळून."

सिस्टर तरातरा आली. "काय आहे पिशवीत?"

"दागिना."

"कुणाचा?"

"आतल्याचा."

सिस्टरनं पिशवीत डोकावलं, कपाळाला हात लावला आणि तिला मागच्या मोरीकडे नेलं. "खिडकी उघडा, ओता, आणि भरपूर पाणी सोडा. मी इथेच उभी आहे, दार अडवून. कुणाचा भरवसा नाही."

तोफेनं सील तोडलं. वास आला तशी तिनं मान वळवली. सारी वर्षं त्या वासात होती. बाटली उलटी धरून ती गुडगुड आवाज ऐकत राहिली.

मोरीची भिंत डॉक्टरांच्या खोलीला लागून होती. भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मग शब्द थांबले आणि तो रडायला लागला. दारूत रडायचा तसं गळा काढून नव्हे, तर शुद्धीवरचा माणूस रडतो तसं, अडखळत, आवाज दाबत. तिच्यासमोर असा तो कधीही रडला नव्हता. एकदासुद्धा नाही. तिच्या काळजात कळ आली, ती काही नुसत्या मायेची नव्हती. हेही त्या टकल्यालाच मिळालं, ती मनाशी म्हणाली. आणून दिलं कुणी? मी.

ती नळ पूर्ण सोडून उभी राहिली, वास जाईपर्यंत.

"ताई," सिस्टर दारातून म्हणाली, "डॉक्टर बोलावतायत आत. तुमचे मिस्टर म्हणतायत, ती समोर बसली तरच पुढचं बोलेन. आणि डॉक्टर म्हणतायत, मिस्टर जे सांगताहेत त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. चला, दोघं थांबलेत तुमच्यासाठी."

तोफेनं रिकामी बाटली कोपऱ्यातल्या डब्यात ठेवली. दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगले. अजून वास होता थोडा.

"थांबू देत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी थांबले." आणि साबणाची वडी उचलून तिनं हातांना अगदी सावकाश, बोटाबोटाच्या बेचक्यातून, फेस काढायला सुरुवात केली.